चिमणी ते श्वास : हवेच्या प्रदूषणाचे शास्त्र आणि नियंत्रण

कारखान्याच्या चिमणीतून किंवा वाहनाच्या नळीतून जे बाहेर पडते तेच जसेच्या तसे माणसाच्या फुप्फुसात शिरते, अशी हवेच्या प्रदूषणाविषयीची सर्वसाधारण समजूत असते आणि बराच काळ कायदे करणाऱ्यांचीही समजूत तीच होती. प्रत्यक्षात या दोन टोकांच्या मध्ये वातावरण असते. ते मिळालेला वायू पातळ करते, कधी कोंडून ठेवते, कधी शेकडो किलोमीटर वाहून नेते आणि ऊन व ओलावा यांच्या साहाय्याने त्यातून मूळ चिमणीत नव्हतेच असे नवे पदार्थ घडवते. म्हणून या शास्त्रात दोन राशी काटेकोरपणे वेगळ्या ठेवाव्या लागतात : एक उत्सर्जन, म्हणजे ठरावीक वेळात किती पदार्थ हवेत सोडला गेला ते, आणि दुसरी संहती, म्हणजे श्वास घेण्याच्या जागी एक घनमीटर हवेत त्यातला किती सापडतो ते. भारताच्या १९८१ च्या वायू प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायद्यातील व्याख्याही संहतीवरच उभी आहे. माणसे, इतर सजीव, वनस्पती, मालमत्ता किंवा पर्यावरण यांना अपायकारक ठरेल इतक्या संहतीत हवेत असलेला कोणताही घन, द्रव वा वायुरूप पदार्थ या कायद्याने प्रदूषक मानला आहे. (१९८७ च्या दुरुस्तीने त्यात गोंगाटाचीही भर पडली.) नियंत्रणाचे उपाय मात्र उत्सर्जनावरच करता येतात, आणि या दोहोंमधला दुवा नीट न उलगडल्यामुळे अनेक उपाय वाया गेले आहेत.

या दुव्याचा पहिला भाग हवामानाचा आहे. सामान्यतः जमिनीलगतची हवा उबदार असते आणि वर जावे तसे तापमान घटत जाते, त्यामुळे खालची हलकी हवा वर चढते आणि आपल्याबरोबर धूरही वर नेऊन विरळ करते. हिवाळ्यातील निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते, तिला टेकलेला हवेचा थर गार होतो आणि त्याच्यावर तुलनेने उबदार थर राहतो. या उलट रचनेला तापमानाची विपरीतता म्हणतात. भांड्यावर झाकण बसावे तसा तो वरचा थर खालच्या हवेला वर चढू देत नाही, आणि जो धूर दुपारी हजार-दीड हजार मीटर उंचीच्या हवेत मिसळला असता तो शे-दोनशे मीटरच्या पट्ट्यात साचत राहतो. धूर तितकाच निघत असला तरी संहती कित्येक पटींनी वाढते, ती यामुळे.

५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर नेमके हेच घडले. शहरावर उच्च दाबाचा पट्टा स्थिरावला होता, वारा जवळजवळ पडला होता, थंडी कडाक्याची असल्याने घरोघरच्या शेगड्यांत नेहमीपेक्षा जास्त कोळसा जळत होता आणि चांगला कोळसा निर्यातीसाठी राखून ठेवल्यामुळे लोकांच्या वाट्याला हलक्या प्रतीचा, भुकटीसारखा कोळसा आला होता. दाट धुक्यात काजळी आणि सल्फर डायऑक्साइड मिसळून जे तयार झाले त्याला मराठीत आता ‘धुरके’ हा शब्द रूढ झाला आहे. नाट्यगृहात धुरके शिरून प्रयोग थांबवावा लागला आणि पशुप्रदर्शनासाठी आणलेली काही बक्षीसपात्र जनावरे गुदमरून मेली. माणसांच्या मृत्यूंची मोजदाद नंतर झाली : सुरुवातीचा अंदाज सुमारे ४,००० अधिक मृत्यूंचा होता, पुढच्या दोन-तीन महिन्यांतील वाढीव मृत्यू सरकारने इन्फ्लुएन्झाच्या खात्यावर टाकले, आणि अर्धशतकानंतर झालेल्या फेरतपासणीत हा आकडा १२,००० च्या आसपास गेला. सरकार आधी चालढकल करत होते. पण ह्यू बीव्हर यांच्या समितीच्या अहवालानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवा कायदा झाला, धूरमुक्त क्षेत्रे जाहीर झाली आणि घरातील शेगडी बदलण्यासाठी लोकांना आर्थिक मदत मिळाली. या कायद्याचे मोठेपण या शेवटच्या तरतुदीत आहे, कारण प्रदूषक म्हणून त्याने केवळ कारखान्याकडे बोट न दाखवता प्रत्येक घराच्या धुराड्याचा हिशोब धरला.

लंडनचा धडा लॉस एंजेलिसला लावून पाहिला तेव्हा मात्र तो लागू पडेना. जुलै १९४३ मध्ये त्या शहरावर डोळ्यांना झोंबणारे धुरके पसरले, तेव्हा युद्धाचे दिवस असल्याने जपानने विषारी वायू सोडला असावा अशीही शंका घेतली गेली. संशय मग कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला; तो काही काळ बंद करण्यात आला, तरी धुरके हटले नाही. येथे ते थंडीतल्या पहाटेऐवजी उन्हाळ्यातल्या भर दुपारी दाटत होते, त्यात सल्फर डायऑक्साइड फारसा नव्हता, भाजीपाल्याची पाने करपत होती आणि मोटारींच्या टायरना भेगा पडत होत्या.

याचा उलगडा एरी हागेन-स्मिट या मूळच्या डच जीवरसायनशास्त्रज्ञाने केला. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तो अननसाच्या स्वादाचे रसायनशास्त्र अभ्यासत होता. फळाचा गंध थंड नळीत गोठवून वेगळा करण्यासाठी जे उपकरण त्याच्याकडे होते त्यातूनच त्याने शहराची हवा ओढली, आणि हाती उग्र वासाचा थोडासा तपकिरी द्रव लागला. पुढच्या प्रयोगांतून त्याने दाखवले की पेट्रोलची अर्धवट जळालेली वाफ, म्हणजे हायड्रोकार्बन, आणि इंजिनाच्या प्रखर उष्णतेत हवेतल्याच नायट्रोजनपासून बनलेली नायट्रोजनची ऑक्साइडे ही दोन्ही प्रखर उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो. ताणून वाकवलेल्या रबराच्या पट्टीला भेग पडायला किती वेळ लागतो यावरून ओझोन मोजण्याची सोपी युक्तीही त्याने वापरली. शहराच्या एकाही नळीतून ओझोन बाहेर पडत नव्हता, तरी शहर ओझोनमध्ये श्वास घेत होते. तेल उद्योगाने पुरवलेल्या पैशांवर चाललेल्या संशोधनाने हे निष्कर्ष प्रथम खोडून काढण्याचा प्रयत्न केला, तो टिकला नाही. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाचे हवा संसाधन मंडळ स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद हागेन-स्मिटकडेच आले.

स्रोतातून थेट निघणाऱ्या पदार्थाला प्राथमिक आणि हवेत घडणाऱ्या पदार्थाला दुय्यम प्रदूषक म्हणण्याची प्रथा या शोधानंतर पक्की झाली. दुय्यम प्रदूषकाचे गणित सरळ चालत नाही. नायट्रिक ऑक्साइड ओझोन घडवणाऱ्या साखळीत भाग घेतो तसा तयार ओझोन खाऊनही टाकतो, त्यामुळे वाहनांच्या गर्दीत ओझोन कमी आणि शहराबाहेर वाऱ्याच्या दिशेला जास्त आढळतो. लॉस एंजेलिसमध्ये अनेक वर्षे रविवारी, मालमोटारी कमी धावत असताना, ओझोन कामाच्या दिवसांपेक्षा जास्त नोंदला जात असे. असा पुरावा हाती असताना वाहने घटवूनही प्रदूषण वाढते असा निष्कर्ष काढणे सोपे असते, आणि काहींनी तो काढलाही; खरा अर्थ इतकाच की त्या ठिकाणी त्या टप्प्यावर हायड्रोकार्बनवर अधिक कठोर व्हायला हवे होते.

हवेतील कणांच्या बाबतीत ही दुय्यम निर्मिती अधिक महत्त्वाची आणि तितकीच दुर्लक्षित आहे. कणांचे वर्गीकरण व्यासावरून करतात : १० मायक्रोमीटरपर्यंतचे कण म्हणजे पीएम १० आणि २.५ मायक्रोमीटरपर्यंतचे म्हणजे पीएम २.५, एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आकाराला इतके महत्त्व असण्याची कारणे दोन आहेत. पहिले कारण कणाच्या हवेतील मुक्कामाचे आहे. पाण्याच्या घनतेचा १० मायक्रोमीटरचा कण स्थिर हवेत सेकंदाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने खाली येतो, म्हणजे दहा मीटरवरून तासाभरात जमिनीला टेकतो. एक मायक्रोमीटरच्या कणाला त्याच अंतरासाठी तीन दिवसांहून अधिक लागतात, आणि एवढ्या वेळात वारा त्याला कुठल्या कुठे नेतो. दुसरे कारण शरीराचे आहे. जाड कण नाकात आणि श्वासनलिकेच्या ओलसर अस्तरावर अडकून कफाबरोबर बाहेर पडतात, तर बारीक कण वायुकोशांपर्यंत पोहोचतात, जेथे अशी झाडझूड नसते. तेथून सुरू होणारा दाह हृदय व रक्तवाहिन्यांपर्यंत जातो आणि म्हणूनच सूक्ष्मकणांनी होणाऱ्या मृत्यूंत हृदयविकार व पक्षाघाताचा वाटा मोठा असतो.

जाड धूळ मुख्यतः दळण्या-फोडण्यातून, रस्त्यावरून आणि बांधकामांतून उडते. बारीक कण जळण्यातून येतात किंवा वायूंपासून हवेतच जन्मतात. सल्फर डायऑक्साइडचे हवेत सल्फ्युरिक आम्ल होते, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे नायट्रिक आम्ल होते, आणि शेतात टाकलेल्या युरियातून व गोठ्यातील मूत्रातून सुटणारा अमोनिया या आम्लांशी संयोग पावून अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट यांचे घन कण बनवतो. यांतील नायट्रेट थंडीत टिकते व उन्हाळ्यात पुन्हा वायुरूप होते, हेही हिवाळ्यातील वाढीचे एक कारण आहे. डिझेलची मालमोटार आणि उसाचे शेत यांचा एकमेकांशी असा संबंध असू शकतो, हे नियंत्रणाच्या नेहमीच्या चर्चेत क्वचितच येते.

या पार्श्वभूमीवर औष्णिक वीज प्रकल्पाचे उदाहरण तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण चंद्रपूर, कोराडी, परळी या नावांमुळे मराठी वाचकाला ते परके नाही. ५०० मेगावॉटचा एक संच तासाला सुमारे ३०० टन कोळसा जाळतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण फार. ३५ टक्के धरले तर तासाला १०५ टन राख, आणि तिच्यातील सुमारे चार-पंचमांश, म्हणजे ८४ टन, वायूबरोबर वर उडणारी. ही फ्लाय ॲश पकडण्यासाठी वायू ईएसपीतून, म्हणजे स्थिरविद्युत अवक्षेपकातून नेतात. त्यात उभ्या पोलादी पत्र्यांच्या रांगा असतात आणि दोन पत्र्यांच्या मध्ये हजारो व्होल्टचा दाब दिलेल्या तारा. तारेभोवती हवेचे आयनीभवन होऊन कणांवर विद्युतभार बसतो, कण पत्र्याकडे ओढले जाऊन चिकटतात आणि ठरावीक वेळाने हातोडे पत्र्यांवर ठोके देऊन साचलेला थर खालच्या हॉपरमध्ये पाडतात. गंमत अशी की कोळशात गंधक कमी असणे येथे अडचणीचे ठरते. गंधकापासून बनणारा थोडासा सल्फर ट्रायऑक्साइड राखेच्या थराला वीजवाहक बनवतो. भारतीय कोळशात गंधक कमी आणि राखेत सिलिका व ॲल्युमिना भरपूर असल्याने थराचा विद्युतरोध वाढतो, पत्र्यावरून उलट ठिणग्या पडू लागतात आणि पकडलेली राख पुन्हा उडते. म्हणून येथे ईएसपी आकाराने मोठा बांधावा लागतो किंवा वायूत मुद्दाम अमोनिया वा सल्फर ट्रायऑक्साइड सोडून राखेचा रोध उतरवावा लागतो. कार्यक्षमतेचे टक्केही फसवे असतात : ९९ टक्के कार्यक्षमतेला तासाला ८४० किलो राख निसटते आणि ९९.९ टक्क्यांना ८४ किलो, म्हणजे कागदावर एका टक्क्याहूनही कमी वाटणारा फरक आसपासच्या गावांसाठी दसपट असतो.

राख अशी पकडल्यावर चिमणीच्या तोंडाशी धूर दिसेनासा होतो आणि प्रकल्प स्वच्छ झाला असे वाटते. त्याच ३०० टन कोळशात अर्धा टक्का गंधक धरले तर दीड टन गंधकापासून तासाला ३ टन सल्फर डायऑक्साइड बनतो, कारण गंधकाशी तेवढ्याच वजनाचा ऑक्सिजन जोडला जातो. हा सगळा वायू अमोनियम सल्फेटमध्ये बदलला तर त्याचे वजन ६ टनांवर जाईल; प्रत्यक्षात त्यातला बराचसा जमिनीवर, झाडांवर किंवा पावसात उतरतो, पण केवळ एक-तृतीयांश बदलला तरी चिमणीतून निसटणाऱ्या ८४ किलो राखेच्या वीस पटींहून अधिक सूक्ष्मकण वाऱ्याच्या वाटेवर तयार होतात. हा वायू चिमणीआधीच धुऊन काढण्याची पद्धत जुनी आणि सिद्ध झालेली आहे : चुनखडीच्या पातळ रबडीचा फवारा त्यातून सोडला की सल्फर डायऑक्साइड विरघळून अखेर जिप्सम बनतो आणि तो सिमेंटच्या कारखान्यांत खपतो. भारताने डिसेंबर २०१५ मध्ये प्रकल्पांच्या सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घालणारे नियम केले, मुदती वारंवार वाढवल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य प्रकल्पांना या यंत्रणेतून सूट दिली. भारतीय कोळशात गंधक कमी आहे आणि प्रकल्पांजवळच्या हवेतील सल्फर डायऑक्साइड मर्यादेत आहे, हे सूट देण्यामागचे प्रमुख मुद्दे होते. दोन्ही मुद्दे आपापल्या जागी खरे असले तरी ते चिमणीच्या पायथ्याशी मोजलेल्या वायूविषयी बोलतात. शंभर-दोनशे किलोमीटरवर सूक्ष्मकण म्हणून जे मोजले जाते त्याचे उत्तर त्यांत नाही.

उंच चिमणीचा उपायही याच प्रकारचा आहे. भारतात चिमणीची किमान उंची ठरवण्यासाठी एक सूत्र वापरतात : तासाला किती किलो सल्फर डायऑक्साइड निघतो त्या संख्येचा ०.३ वा घात काढून त्याला १४ ने गुणावे आणि उत्तर ३० मीटरहून कमी आले तरी ३० मीटर उंची ठेवावी. तासाला १० टन कोळसा जाळणाऱ्या, १०० किलो सल्फर डायऑक्साइड सोडणाऱ्या बॉयलरसाठी ही उंची सुमारे ५६ मीटर येते. कोळसा दुप्पट केला तर ती ६९ मीटरपर्यंत जाते, म्हणजे उत्सर्जन दुप्पट करण्याची किंमत अवघे १३ मीटर जादा बांधकाम. कॅनडातील सडबरी येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी निकेल शुद्धीकरणासाठी ३८१ मीटरची चिमणी उभी राहिली, शहराची हवा सुधारली आणि आम्लाचा वर्षाव दूरवर पसरला. ब्रिटन व मध्य युरोपातील उंच चिमण्यांचे गंधक स्कँडिनेव्हियाच्या तळ्यांतील माशांच्या जिवावर उठले, तेव्हा १९७९ मध्ये जिनिव्हा येथे सीमापार वायुप्रदूषणाचा करार करावा लागला.

वाहनांच्या बाबतीत भारताची कामगिरी अधिक सुसंगत आहे. नळीतील उत्प्रेरक परिवर्तक प्लॅटिनमसारख्या धातूंच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करतो; पण शिसे त्या पृष्ठभागाला निकामी करते आणि गंधक त्याला मंदावते, त्यामुळे इंधन सुधारल्याशिवाय यंत्र बसवून उपयोग नसतो. फेब्रुवारी २००० पर्यंत देशभर शिसेमुक्त पेट्रोल आले, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ वरून थेट बीएस-६ मानके लागू होताना इंधनातील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर उतरली. आजच्या मालमोटारींत डिझेलबरोबर जे ‘डीईएफ’ भरावे लागते ते युरियाचे द्रावणच असते. त्यातून सुटणारा अमोनिया नळीतच नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा नायट्रोजन बनवतो. द्रावण वाचवण्यासाठी ही यंत्रणा बंद पाडणारी जोडणी काही ठिकाणी केली जाते, आणि प्रदूषण चाचणी केंद्रावर नायट्रोजनची ऑक्साइडे तपासलीच जात नसल्याने ती तेथे पकडली जात नाही.

आधीच मोकळ्या हवेत मिसळलेले प्रदूषण यंत्राने गाळून काढण्याच्या योजना अधूनमधून पुढे येतात. ऑगस्ट २०२१ मध्ये दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्ये आयआयटी मुंबईच्या तांत्रिक साहाय्याने २४ मीटर उंचीचा मनोरा सुरू झाला. त्याचे ४० पंखे मिळून सेकंदाला १,००० घनमीटर हवा गाळतील अशी त्याची रचना होती. दिल्लीचे क्षेत्रफळ १,४८३ चौरस किलोमीटर आहे आणि हिवाळ्यात हवा ३०० मीटर उंचीपर्यंतच मिसळते असे मानले, तरी तेवढी हवा एकदा गाळायला या मनोऱ्याला सुमारे १४ वर्षे लागतील. मधल्या काळात वारा ती रोज बदलत राहतो. हा हिशोब पाठकोऱ्या कागदावर मांडता येतो, आणि मनोरा बांधण्याआधीही तो मांडता आला असता.

मुंबईला समुद्राचा मोठा आधार आहे. दुपारी खारे वारे समुद्रावरून जमिनीकडे येतात आणि रात्री मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे जातात, पण या येरझारेने शहर आपोआप धुऊन निघते ही समजूत अर्धीच खरी आहे. रात्री समुद्रावर गेलेली मळकी हवा दुसऱ्या दिवशी काही अंशी परत येते, आणि हिवाळ्यात खारे वारे उशिरा व क्षीण सुटले की चेंबूर-माहुलसारख्या तेलशुद्धीकरण, खत व वीजनिर्मितीच्या पट्ट्यातील हवा सकाळभर हलत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि महानगरपालिकेने बांधकामांसाठी नियम काढले : ७० मीटरहून उंच इमारतींच्या जागेभोवती ३५ फूट उंच पत्र्याचे कुंपण, पाण्याची फवारणी, बाहेर पडणाऱ्या डंपरची चाके धुणे. जाड धुळीसाठी हे उपाय योग्य आहेत, फक्त सूक्ष्मकणांवर त्यांचा परिणाम थोडा असतो. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या पावाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. भट्टीत स्वस्त म्हणून जुन्या फर्निचरचे भंगार लाकूड जाते, त्याला रंग, पॉलिश आणि प्लायवुडचा डिंक असतो, आणि हा धूर वस्तीच्या उंचीवर, पहाटे, हवा सर्वांत कोंडलेली असताना सुटतो. एकूण उत्सर्जनातील वाटा लहान असला तरी श्वासातील वाटा त्यामुळे मोठा होतो. खेड्यातील चुलीला हेच तत्त्व अधिकच लागू पडते, कारण तिचा धूर चार भिंतींच्या आत, बाईच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी पोहोचवली. सिलिंडर पुन्हा भरून घेणे परवडते का, यावर चुलीचे विझणे अवलंबून राहिले.

मानके ठरवतानाही उत्सर्जन आणि संहती यांची ही ओढाताण दिसते. पीएम २.५ ची भारतातील वार्षिक मर्यादा २००९ पासून घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस ५ वर आणली. वर्तमानपत्रात रोज येणारा हवा गुणवत्ता निर्देशांक आठ प्रदूषकांपैकी ज्याचा उपनिर्देशांक सर्वांत वाईट त्याच्यावरून ठरतो, त्यामुळे बाकीचे सात सुधारले काय आणि त्याला मागे न टाकता बिघडले काय, तो आकडा हलत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाने १३१ शहरे निवडली आणि यशाचे मोजमाप बहुतांशी पीएम १० वर ठेवले. साहजिकच पैसा रस्ते झाडणारी यंत्रे, फरसबंदी आणि पाण्याचे फवारे यांकडे वळला, आणि चुली, भट्ट्या, उद्योग व इंधन यांच्या वाट्याला थोडा आला. शिवाय प्रत्येक आराखडा एकेका महापालिकेच्या हद्दीपुरता आहे. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, उल्हासनगर आणि वसई-विरार ही एकाच खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यातील शहरे आपापले आराखडे वेगवेगळे सादर करतात. राज्यांच्या हद्दी ओलांडून आदेश देऊ शकणारा वायुगुणवत्ता आयोग संसदेने २०२१ मध्ये कायद्याने नेमला आहे. त्याचे कार्यक्षेत्र दिल्ली आणि तिच्या परिसरातले हरियाणा, पंजाब, राजस्थान व उत्तर प्रदेशाचे भाग एवढेच आहे.